काळी दोन, पांढरी दोन

गेली बावीस वर्षे मी सांगली जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि जवळजवळ तितकीच वर्षे गावातील भजनी मंडळाला पेटीची साथ करतो. या दोन्ही गोष्टी येथे सांगण्याचे कारण इतकेच की, अपस्मारावरची गोळी मेंदूत नेमके काय करते हे पहिल्या कामामुळे मला समजून घ्यावेसे वाटले आणि दुसऱ्या कामामुळे त्याचा एक भाग मला चक्क ऐकू आला.

२०२२ च्या कार्तिकात, काकडआरतीच्या दिवसांत, मला पहिली मोठी फिट आली. कोजागरीपासून रोज पहाटे चारला उठून देवळात जायचे, साडेसहाला घरी येऊन आवरून कॉलेज गाठायचे आणि रात्री उत्तरपत्रिका तपासत अकरा-साडेअकरापर्यंत जागायचे, असा तिसरा आठवडा चालू होता. त्या पहाटे अभंग रंगात आलेला असताना पोटातून काहीतरी वर चढत छातीपर्यंत आले, आणि समोरची समई, पखवाजवाल्याचा उचललेला हात, बुवांची तान हे सगळे याच क्रमाने पूर्वी एकदा घडून गेले आहे, अशी दाट खात्री वाटली. पुढचे मला आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा डोके बुवांच्या मांडीवर होते, नाकाशी कोणाची तरी चप्पल होती, मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबलेला होता आणि तोंडात रक्ताची चव होती, कारण दातखीळ सोडवण्यासाठी कोणीतरी स्टीलचा चमचा घातला होता आणि त्यात दाढेचा टवका उडाला होता. जमलेल्या माणसांच्या मायेविषयी मला तिळमात्र शंका नाही. मात्र बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय त्या क्षणी नाकाशी असलेल्या वस्तूला मिळते, म्हणूनच चप्पल आणि कांदा यांचा लौकिक इतकी वर्षे टिकून आहे. माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ द्यावे, तोंडात काहीही घालू नये आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर तडक दवाखाना गाठावा, एवढेच खरे करायचे असते.

मिरजेतील मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी पहिला अर्धा तास मला तपासलेच नाही. त्या फक्त विचारत राहिल्या. पोटातून वर चढणारी ती लाट पूर्वी कधी आली होती का, या प्रश्नावर मी सहज सांगितले की, गेली दोन वर्षे महिन्यातून एक-दोनदा तसे होते, अर्ध्या मिनिटात जाते, मी ते पित्त समजतो आणि सूतशेखर घेतो. माझ्या पत्नीने त्यावर भर घातली की, अशा वेळी हे एकटक बघत बसतात, ओठ चाटतात आणि हाक मारली तरी ओ देत नाहीत. बाई म्हणाल्या, "सर, ते पित्त नव्हतं. त्या छोट्या फिट होत्या. परवा त्यातली एक पसरली, इतकंच." दोन वर्षे मी आजाराला औषध घेत होतो, फक्त चुकीच्या अवयवाचे, हे ऐकून मला हसू आले आणि मग बराच वेळ बोलवेना.

सीटी स्कॅनमध्ये डाव्या कानशिलामागच्या भागात सुमारे पाच मिलिमीटरचा चुन्यासारखा पांढरा ठिपका दिसला. पट्टकृमीची अळी कधी काळी मेंदूत जाऊन मेली होती आणि तिची ही वाळलेली गाठ होती. मी माळकरी आहे, आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही, तेव्हा डुकराच्या मांसातून होणारा आजार मला कसा झाला, असे मी जरा रागानेच विचारले. मांस खाल्ल्याने पट्टकृमी होतो तो आतड्यात. मेंदूत जाणारी अळी ही त्या कृमीच्या अंड्यातून येते आणि ती अंडी माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून, नीट न धुतलेल्या कच्च्या भाजीतून कोणाच्याही पोटात जाऊ शकतात, असा त्याचा खुलासा मिळाला. भारतात मोठेपणी सुरू होणाऱ्या अपस्माराचे हे एक नेहमीचे कारण आहे.

ईईजीच्या, म्हणजे मेंदूतील विद्युत हालचालींचा आलेख काढण्याच्या, खोलीत एका मुलीने फितीने माझे डोके शिंप्यासारखे मोजले, खुणा केल्या, प्रत्येक खुणेवरची कातडी खरवडून तेथे चिकट लेप लावला आणि त्यात एकेक वाटी बसवली. तीन मिनिटे जोरजोराने श्वास घ्यायला लावले, मग डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवला, मग झोपायला सांगितले. आदल्या रात्री जागायला सांगितले असल्याने झोप लगेच लागली. माणसाच्या डोक्यावरून असे आलेख पहिल्यांदा जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली काढले, हे मी वर्गात कधीतरी सांगत असे, पण स्वतःचा आलेख पाहण्याची गोष्ट वेगळी असते. बाकीच्या रेघा संथ हलत होत्या आणि डाव्या कानशिलाजवळच्या दोन रेघा मधूनच एकमेकींकडे टोकदार शिंग उगारत होत्या. "इथे काही हजार पेशी एका दमात बोलतायत," बाई म्हणाल्या. मेंदूत सुमारे आठ हजार सहाशे कोटी चेतापेशी असतात आणि त्यांचे काम चालते ते प्रत्येकीने आपापल्या वेळी बोलण्यावर. वारीत सगळे टाळ एका ठोक्यावर पडले तर आनंद होतो, मेंदूत पडले तर माणूस पडतो.

मला कार्बामाझेपीन लिहून दिले. सुरुवात १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दहा दिवसांनी २०० दोनदा. दोन सूचना तोंडी आणि कागदावर अशा दोन्ही प्रकारे मिळाल्या: अंगावर पुरळ उठले किंवा तोंड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी यायचे, आणि एकही गोळी मनाने बंद करायची नाही. पुरळाचा मुद्दा किरकोळ नसतो. काही थोड्या लोकांमध्ये, विशेषतः आशियातील काही समाजांत आढळणाऱ्या एका जनुकप्रकारामुळे, या गोळीची त्वचेवरची प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. मला तसे काही झाले नाही. मला भीती वेगळीच होती. फिटच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या, त्या घेतल्या की माणूस मंद होतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि घरी आईचाही तोच घोषा होता की, "डोक्याचं काम करणारा माणूस तू, डोकंच झोपवलंस तर शिकवणार काय?"

आईचे म्हणणे अगदी निराधार नव्हते, फक्त ते शंभर वर्षांपूर्वीचे होते. अपस्मारावर खरोखर उपयोगी पडलेले पहिले औषध म्हणजे ब्रोमाइड. लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ साली त्याचा उल्लेख केला आणि पुढची पन्नासेक वर्षे रुग्ण ते घेऊन पेंगत राहिले. १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेट हाउप्टमान यांना असे दिसले की, रुग्णांना शांत ठेवण्यासाठी दिलेल्या फिनोबार्बिटलने त्यांच्या फिटही कमी होतात, आणि त्यामुळे गुंगी आणि गुण ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत हा समज पक्का झाला. तो मोडला १९३८ साली. बॉस्टनच्या मेरिट आणि पटनम यांनी मांजरांना विजेचे सौम्य झटके देऊन, झटका रोखणारे पण मांजराला न झोपवणारे रसायन शोधले आणि त्यांच्या हाती फेनिटॉइन लागले. ते रसायन १९०८ पासून तयार होते. झोप आणत नाही म्हणून औषधवाल्यांच्या लेखी ते निरुपयोगी होते. झोप न आणता फिट थांबवता येते, याचा अर्थ औषध सगळ्या पेशींवर सारखे बसत नाही. मग ते पेशी निवडते कसे?

या प्रश्नाने मला घेरले आणि पुढचे दोन महिने मी मिळेल ते वाचत गेलो. चेतापेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण विभव, म्हणजे विजेचा दाब, असतो. पेन्सिल सेलच्या विसाव्या हिश्शाइतका हा दाब ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण पेशीपटलाची जाडी अवघी पाच नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोन लाखावा भाग असते. मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला तेव्हा विद्युत क्षेत्र मीटरला एक कोटी चाळीस लाख व्होल्ट आले. कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरला तीस लाख व्होल्ट पुरतात. म्हणजे त्याच्या चौपटीहून अधिक ताण प्रत्येक पेशी आपल्या पातळ पटलावर रात्रंदिवस झेलत बसलेली असते. तो भागाकार मी नंतर बारावीच्या वर्गातही करून दाखवला. कशासाठी केला होता ते सांगितले नाही.

या पटलात सोडियमच्या आयनांसाठी दारे असतात. विभव थोडा चढून एका मर्यादेपलीकडे गेला की ती उघडतात, सोडियम आत घुसतो, विभव क्षणात उलटा होतो आणि एक स्पंद पेशीच्या तंतूवरून धावत सुटतो. सगळा खेळ मिलिसेकंदभराचा. हे गणित हॉजकिन आणि हक्सले या दोघांनी माखल्याच्या (स्क्विडच्या) जाड अक्षतंतूवर, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूवर, प्रयोग करून १९५२ साली मांडले आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र दार उघडण्यात नसून ते लागण्याच्या पद्धतीत आहे. उघडलेले दार लगेच नुसते मिटत नाही. आतून एक बोळा येऊन त्यात बसतो. जोवर हा बोळा निघत नाही आणि दार पुन्हा मूळच्या मिटलेल्या स्थितीत येत नाही, तोवर कितीही धक्के मारले तरी ते दुसऱ्यांदा उघडत नाही. म्हणजे दाराच्या स्थिती तीन: मिटलेले पण तयार, उघडे, आणि बोळा बसलेले. कार्बामाझेपीन आणि फेनिटॉइन या तिसऱ्या स्थितीतल्या दाराला चिकटतात आणि ते तयार स्थितीत परत यायला लागणारा वेळ लांबवतात.

हे वाचले तेव्हा पेटी समोरच होती आणि मला तिच्या पट्टीखालची स्प्रिंग आठवली. जुन्या पेटीत एखादी स्प्रिंग सैल पडली की दाबलेली पट्टी वर यायला उशीर लावते. विलंबित चालीत याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याच पट्टीवर बोट दुसऱ्यांदा पडेपर्यंत ती सावकाश वर आलेली असते. पण द्रुत लयीत तोच सूर लागोपाठ चार वेळा वाजवायला जावे तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बोट आधीच खाली असलेल्या पट्टीवर पडते आणि आघात फुकट जातो. गोळी पेशीच्या दारांची स्प्रिंग सैल करते. सेकंदाला पाच-दहा स्पंद सोडणाऱ्या पेशीला त्याचे काही वाटत नाही; सेकंदाला दोनशे-तीनशेच्या वेगाने पिसाटलेल्या पेशीची दारे मात्र वेळेत तयारच होत नाहीत आणि ती आपोआप थंडावते. जी जितकी जास्त गोंगाट करील तिला गोळी तितकी जास्त धरून ठेवते. (उपमा एका ठिकाणी लंगडी पडते, हे सांगितले पाहिजे: खाली अडकलेली पट्टी वाजत राहते, अडकलेले दार मात्र मुके असते.)

माझ्यापुरता आईच्या आक्षेपाला जबाब मिळाला होता, आणि मी तो तिला सांगितलाही. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग परवापासून पेटी बेसूर आहे असं का म्हणतोयस?"

ते खरे होते. दोनशेची गोळी सुरू झाल्यावर आठवड्याभरातच ही गोष्ट सुरू झाली. आमचे बुवा काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला षड्ज (सा) मानून, गातात. काळी दोनचा षड्ज मी इतकी वर्षे ऐकला आहे की, तो कानाने ओळखावा लागत नाही. तो घरच्या कुलपाच्या आवाजासारखा झालेला आहे. त्या गुरुवारी मी भाता ओढून काळी दोन दाबली आणि ऐकू आली ती पांढरी दोन. नेमका अर्धा सूर खाली. बोट योग्य पट्टीवर होते, डोळ्यांना ते दिसत होते, आणि कान सांगत होता की चूक पट्टी आहे. मी पुढची पट्टी दाबून पाहिली. तीही अर्धा सूर उतरलेली. बुवांनी सूर लावला, तोही उतरलेला. सगळेच एकसारखे उतरल्यामुळे आपसातले नाते जुळत होते, अभंग व्यवस्थित झाला, कोणाला काही कळले नाही. मला मात्र दोन तास असे वाटत राहिले की, कोणीतरी माझ्या हातांवर दुसऱ्याची बोटे बसवली आहेत.

थंडीने पेटी उतरली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि रविवारी ती मिरजेला नेली. तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांच्या वस्तीलगत पेटी दुरुस्त करणारे एक वयस्क कारागीर बसतात. त्यांनी वरची फळी काढली, एकेक सूर वाजवून यंत्रावर पाहिला, एका सुराचे टोक पितळी पट्टीवर धरून कानसाने दोनदा हलकेच घासले, आणि म्हणाले, "गुरुजी, हा एक जरासा उतरला होता, तो चढवला. बाकी पेटी सोन्यासारखी आहे. तुम्ही कुठली पेटी ऐकताय?" एसटीने परत येताना मोबाइलवर स्वर मोजण्याचे एक अ‍ॅप उतरवून घेतले. बसचा हॉर्न, रेल्वे फाटकाची घंटा, शेजारच्या बाईंच्या फोनची धून, जे ओळखीचे होते ते सगळे अर्धा सूर खाली आले होते. जग उतरले नव्हते. मी उतरलो होतो.

पुढच्या तपासणीला हे सांगताना मला संकोच वाटत होता, कारण फिटचा रुग्ण आणि भास यांची सांगड लोक चटकन घालतात. डॉक्टरबाईंनी मात्र पेन खाली ठेवले आणि त्या पुढे सरकून बसल्या. कार्बामाझेपीनचा हा दुर्मीळ पण माहीत असलेला परिणाम आहे, त्याच्या नोंदी प्रामुख्याने जपानमधून, आणि त्याही सूर पक्के ओळखणाऱ्या वाद्य वाजवणाऱ्यांकडून आलेल्या आहेत, आणि गोळी बंद केल्यावर तो जातो, असे त्यांनी सांगितले. इतरांना तो होत नसेल असे नाही. त्यांना कळत नसेल. तो कसा होतो याविषयी माझा एक तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच वाचावा. कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या मार्गावरच्या पेशींना त्यांच्या साध्या, निरोगी कामासाठीच सेकंदाला शेकडो स्पंद सोडावे लागतात. भरभर बोलणाऱ्याला धरायचे, एवढेच गोळीला कळते. तो भांडतो आहे की भजन म्हणतो आहे, हे तिला कळत नाही.

त्यावेळी गोळी बदलली नाही, कारण फिट थांबल्या होत्या आणि अर्ध्या सुरासाठी चालते औषध सोडणे बाईंना आणि मलाही शहाणपणाचे वाटले नाही. पण सहाव्या आठवड्यात, एकही गोळी चुकवलेली नसताना, स्टाफरूममध्ये पोटातली ती लाट पुन्हा आली. रक्ततपासणीत उलगडा झाला. दुसऱ्या आठवड्यात रक्तातील औषधाची पातळी मिलिलिटरला ७.८ मायक्रोग्रॅम होती, ती तेवढ्याच गोळीवर ४.१ वर आली होती. उपयोगी पातळी साधारण ४ ते १२ मानतात. कार्बामाझेपीन यकृतातील ज्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) मोडले जाते, त्याच विकरांचे उत्पादन ते स्वतः वाढवते. पाहुण्याने स्वतःच्या हकालपट्टीची माणसे स्वतःच नेमावीत, तसा हा प्रकार आहे. तीन-चार आठवड्यांत ही भरती पूर्ण होते आणि पातळी घसरते, म्हणून मात्रा पुढे वाढवावी लागतेच. मला सावकाश विरघळणारी ४०० ची गोळी दोनदा सुरू झाली, ती चावायची किंवा कुटायची नाही या अटीवर. डिसेंबर २०२२ मधली ती स्टाफरूममधली फिट माझी आजवरची शेवटची फिट आहे.

खरी फजिती पुढच्या पावसाळ्यात झाली. जुलैमध्ये खोकला हटेना म्हणून मी गावातल्याच एका डॉक्टरांकडे गेलो. फिटची गोळी चालू आहे असे मी सांगितले. कोणती, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही, तेव्हा चूक निम्मी माझी. त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिले. हे प्रतिजैविक नेमके त्याच विकरांना अडवते, ज्यांच्या जोरावर कार्बामाझेपीन मोडले जात असते, आणि मग आठशे मिलिग्रॅम रोज आत येत राहतात पण बाहेर जाण्याचा रस्ता बंद होतो. तिसऱ्या दिवशी मी फळ्यावर भिंगाची किरणाकृती काढत होतो आणि मुख्य अक्षाच्या मला दोन रेघा दिसू लागल्या. एक पुसली तर दोन्ही पुसल्या गेल्या. वर्गातून बाहेर पडताना पाय एकीकडे आणि मी दुसरीकडे, असे झाले. गळ्यात माळ घातलेला मास्तर भरदुपारी भिंतीला धरत चालला आहे, हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांतल्या दोघांनी पत्नीला फोन करून हळूच चौकशी केली. पातळी १५.६ निघाली. त्या प्रमाणात गोळी तोल सांभाळणाऱ्या आणि डोळे फिरवणाऱ्या पेशींनाही धरू लागते. प्रतिजैविक बंद केले, सांगितल्याप्रमाणे मधल्या मात्रा वगळल्या आणि चार दिवसांत फळ्यावरच्या दोन रेघांची पुन्हा एक झाली. तेव्हापासून औषधाचे नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी माझ्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे असते.

उतरलेला सूर आणि ही फजिती, या दोन कारणांनी मिळून औषध बदलायचे ठरले. फिट थांबलेल्या असताना बदल करणे म्हणजे जरा जोखीमच. ग्लासगोमध्ये नव्याने उपचार सुरू केलेल्या ४७० रुग्णांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला आहे. त्यात पहिल्याच औषधावर ४७ टक्क्यांच्या फिट थांबल्या, आणि दुसऱ्या औषधाने त्यांत १३ टक्क्यांचीच भर पडली. अर्थात ही १३ टक्के मंडळी पहिले औषध न मानवलेली होती आणि माझे पहिले औषध फिटच्या बाबतीत लागू पडले होते, असे बाईंनी समजावले. जुनी गोळी एकदम बंद करायची नव्हती. दार अडवून धरणारा हात अचानक काढला तर आत कोंडलेले सगळे एकदम उसळते आणि न थांबणारी फिट येऊ शकते. म्हणून आधी लेव्हेटिरॅसिटम ५०० दोनदा सुरू केले आणि मग कार्बामाझेपीन दर पंधरवड्याला दोनशेने उतरवत नेले.

लेव्हेटिरॅसिटमची तऱ्हा वेगळी आहे. ते सोडियमच्या दारांच्या वाटेला जात नाही. एक पेशी दुसरीशी बोलते ती रसायनांच्या इवल्याशा पिशव्या रिकाम्या करून. त्या पिशव्यांच्या भिंतीवरील एका प्रथिनाला ही गोळी चिकटते आणि अतिउत्तेजित पेशीकडून रसायनाची उधळण कमी होते. गंमत अशी की हे औषध अमेरिकेत १९९९ मध्ये मंजूर झाले आणि ते नेमके कोठे चिकटते हे २००४ मध्ये समजले. मधली पाच वर्षे ते लाखो लोकांना उपयोगी पडतच होते. ते यकृताच्या विकरांत फारसे गुंतत नाही, बव्हंशी मूत्रपिंडातून बाहेर पडते, त्यामुळे खोकल्याच्या औषधाने पुन्हा फळा दुहेरी होण्याचे भय नव्हते.

कार्बामाझेपीन दोनशेवर आले तरी सूर उतरलेलाच होता. शेवटची गोळी घेतल्यानंतरच्या पाचव्या दिवशी सकाळी देवपूजेच्या वेळी पत्नीने घंटा वाजवली आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर आलो. घंटेचा आवाज टोचला, इतका तो वर होता. पेटी काढली, भाता ओढला, काळी दोन दाबली. काळी दोन होती. अ‍ॅप लावून पाहिले, मग अ‍ॅप बंद केले आणि कितीतरी वेळ नुसता तोच एक सूर धरून बसलो. बाजूच्या खोलीतून मुलाने विचारले, "बाबा, पट्टी अडकली का?"

बदल्यात राग आला. लेव्हेटिरॅसिटमने काही जणांचा स्वभाव चिडका होतो असे कागदावर लिहिलेले होते, आणि मी ते वाचून सोडून दिले होते. तिसऱ्या आठवड्यात पखवाजवाल्याची एक मात्रा चुकली म्हणून मी सगळ्यांसमोर भाता बंद करून उठून गेलो. ज्याच्याबरोबर अठरा वर्षे बसलो त्याला मी त्या दिवशी जे बोललो ते येथे लिहिणार नाही. आपण रागावलो आहोत हे आपल्याला रागात कळत नाही, म्हणून बाईंनी पत्नीला वही ठेवायला सांगितली. ती रोज रात्री एक ते पाच असा आकडा लिहायची आणि मला दाखवायची नाही. दोन महिन्यांनी वही पाहिली तेव्हा सुरुवातीचे चार आणि पाच हळूहळू दोनवर आलेले होते. मात्रा पुढे ७५० दोनदा झाली, तेव्हा आकडा पुन्हा थोडा चढला आणि उतरला. पखवाजवाल्याची मी माफी मागितली. त्याने ती मोठ्या मनाने दिली, फक्त अजूनही माझी चूक झाली की तो मुद्दाम मला विचारतो, "गोळी घेतली का सर?"

ही औषधे फिट रोखतात, अपस्मार बरा करत नाहीत, हे मला बऱ्याच उशिरा नीट उमगले. कानशिलामागचा तो चुन्याचा ठिपका जागच्या जागी आहे आणि त्याच्या भोवतीच्या पेशी आजही चटकन पेटणाऱ्याच आहेत. गोळी त्यांना रोज दोनदा आवरते. लेव्हेटिरॅसिटमचा रक्तातील निम्मा साठा सहा ते आठ तासांत ओसरतो, म्हणून सकाळ-संध्याकाळच्या वेळा काटेकोर पाळाव्या लागतात. स्कूटर चालवणे मी तेव्हाच सोडले. परवान्याच्या अर्जात फिट येते का हा प्रश्न स्वच्छ विचारलेला असतो आणि त्याला खोटे उत्तर देऊन रस्त्यावर उतरण्याची माझी इच्छा नाही.

दोन वर्षे फिट न आल्यावर गोळी कमी करण्याचा विचार करता येतो, पण गाठ चुना होऊन राहिलेली असेल तर फिट परतण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे आम्ही घाई केली नाही. गेल्या वर्षी पुन्हा ईईजी काढला. त्याच मुलीने त्याच फितीने डोके मोजले. डाव्या कानशिलाजवळच्या त्या दोन रेघा बहुतेक वेळ इतरांसारख्याच संथ होत्या, पण झोप लागल्यावर तीन वेळा त्यांनी एकमेकींकडे शिंगे उगारली. बाईंनी त्या तिन्ही जागांवर पेन्सिलीने गोल केले आणि औषधाच्या कागदावर "तेच चालू" असे लिहिले. सकाळी आठला एक गोळी, रात्री आठला एक. काकडआरतीला मी आता शेवटचे पाचच दिवस जातो, तेही आदल्या रात्री नऊला झोपून. बाकीचे दिवस पेटीवर बुवांचा नातू बसतो, आणि तो काळी दोन अंमळ जोरात दाबतो.